तिचा लंबर माज्या आदी हुता

मागच्या श्रावणात आत्याची छाती भरून यायला लागली, म्हणून तिला शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात बोलावून घेतलं. ती माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं आली. सोबत चुलतभावाचा मुलगा होता, तो तिचा केसपेपर काढून देऊन कॉलेजला निघून गेला. मी ऑफिसातून सुटून पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाहेर पाऊस, आत फिनेलचा वास, फरशीवर ओल्या छत्र्यांचं पाणी आणि त्या पाण्यातून गेलेल्या चपलांचे काळे ठसे. ईसीजीच्या खोलीबाहेर ही एवढी रांग. आत्या भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचं गाठोडं. मी तिच्याजवळ जाईपर्यंत ती उठून खिडकीशी गेली, काहीतरी विचारायला. आतल्या बाईंनी मान वर न करता म्हटलं, "ए आजी, एकदा सांगितलं ना? हो बाजूला." आत्या बाजूला झाली. तिला त्यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. मी सरळ खिडकीशी गेले. गळ्यात ओळखपत्र होतंच. मी माझं खातं सांगितलं, हुद्दा सांगितला, एक वाक्य मुद्दाम इंग्रजीत बोलले. बाईंचा चेहरा बदलला. "मॅडम, आधी सांगायचं ना! या मावशी, आत या, बसा." दहा मिनिटांत आत्या टेबलावर होती. नंतर डॉक्टर स्वतः आले, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, धाप कधीपासून लागते, चढ चढताना की झोपल्यावरही, असं सगळं हळू आवाजात विचारत.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा रांग जिथल्या तिथे होती. हिरव्या लुगड्यातली एक वाळकी बाई औषधांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मला जायला जागा हवी म्हणून ती अंग चोरून भिंतीला चिकटली, इतकंच.

रिक्षात आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "डाक्टर लई भला माणूस." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "पर तिचा लंबर माज्या आदी हुता."

"कुणाचा?"

"त्या हिरव्या लुगड्याचीचा. सकाळधरनं संगं हुतो आमी. तिनंच मला पाणी आणून दिलं."

त्या रात्री झोप लागली नाही. आत्या आतल्या खोलीत शांत घोरत होती आणि मला राहून राहून एका इंग्रज बाईची आठवण येत होती. लेडी कॉन्स्टन्स लिटन. १९१० सालच्या जानेवारीत लिव्हरपूलच्या तुरुंगात तिच्या छातीला कुणीतरी क्षणभर कान लावला होता आणि हृदय ठणठणीत आहे असं हसत सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी न्यूकॅसलच्या तुरुंगात तेच हृदय काळजीपूर्वक तपासलं गेलं होतं आणि ते इतकं कमजोर ठरलं होतं की सरकारनं घाईघाईनं तिला सोडून दिलं. हृदय एकच होतं. फक्त पहिल्या तुरुंगात ते लेडी कॉन्स्टन्सचं होतं आणि दुसऱ्या तुरुंगात जेन वॉर्टन नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं.

लिटन हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, पण एका ओळीपुरतं. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी, १८७८, लॉर्ड लिटन. गाळलेल्या जागा भरा. मी ती जागा कितीदा तरी भरली असेल. या माणसाला घर होतं, बायको होती, मुली होत्या, तो टोपणनावानं कविता लिहायचा, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. फडक्यांच्या बंडाबद्दल वाचता वाचता मी दुष्काळापाशी आले, दुष्काळावरून व्हाइसरॉयपाशी, आणि व्हाइसरॉयवरून एके संध्याकाळी अवचित त्याच्या मुलीपाशी. तेव्हापासून हे घराणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. इंग्लंडमधलं नेबवर्थचं त्यांचं घर मी चित्रांतच पाहिलंय, त्याचे ते कळस आणि बुरूज आणि समोरची कापलेली हिरवळ. पण त्या घरातली माणसं मला आमच्या भावकीतल्या माणसांइतकी माहीत झाली आहेत.

आजोबांपासून सुरू करायचं तर ते एडवर्ड बुलवर-लिटन. आपल्या काळचे फार खपणारे कादंबरीकार, खासदार, वर्षभर वसाहतमंत्रीसुद्धा. तलवारीपेक्षा लेखणी थोर, हे जगभर सुविचार म्हणून फळ्यांवर लिहिलं जाणारं वाक्य त्यांच्याच १८३९ सालच्या एका नाटकातलं. त्यांची बायको रोझिना, तीही लेखिका. दोघं फार आधीच वेगळी झालेली, मुलं तिच्यापासून तोडलेली. १८५८ मध्ये मंत्रिपद मिळाल्यावर एडवर्ड पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा ती हर्टफर्डच्या सभेत गेली आणि भर गर्दीत नवऱ्याबद्दल बोलली. थोड्याच दिवसांत डॉक्टरांचे दाखले निघाले आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली म्हणून साधारण तीन आठवड्यांनी ती सुटली. लेखणीची थोरवी सांगणाऱ्या माणसाच्या घरात बायको बोलली तर ती वेडी ठरत होती. आणि त्याचा मुलगा पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला तेव्हा त्यानं देशी भाषांतल्या लेखण्यांवर कायदा आणला. इंग्रजीत छापणाऱ्यांना तो लागू नव्हता. मराठीत, बंगालीत जे लिहितील त्यांनाच. हे पहिल्यांदा एकत्र वाचलं तेव्हा मला ते दुखलं, आजही दुखतं. कायदा तीन-चार वर्षांतच पुढच्या व्हाइसरॉयच्या, रिपनच्या कारकिर्दीत गेला, पण आपल्या भाषेत बोलणं हाच गुन्हा वाटावा अशी भीती एकदा घातली की ती कायद्याबरोबर लगेच जात नाही.

एप्रिल १८७६ मध्ये लिटन हिंदुस्थानात आला. कॉन्स्टन्स तेव्हा सात वर्षांची. त्याच ऑगस्टात तिचा भाऊ व्हिक्टर सिमल्यात जन्मला आणि त्याच पावसाळ्यानं दख्खनला दगा दिला. आमच्याकडे दुष्काळ म्हटलं की बहात्तर सालच निघतं. आत्या तेव्हा नवी नवरी होती, खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढायची. हजेरी मांडताना मुकादम बायकांची नावं विचारायचा नाही, अमक्याची बायको, तमक्याची सून एवढंच लिहायचा, हे ती आजही सांगते. पण बहात्तरला माणसं जगली. १८७६ ते ७८ मध्ये दख्खन, म्हैसूर, मद्रास मिळून मेलेल्यांचा आकडा साधारण पंचावन्न लाखांपासून पुढे सांगतात. लिटनचं म्हणणं असं की धान्याच्या व्यापारात सरकारनं हात घालू नये, भाव आपोआप ठरतील. धान्य बोटींतून बाहेर जात राहिलं. कामावरच्या गड्याला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा, असा दर लिटननं दुष्काळाच्या कामासाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपलनं ठरवला. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "खडी फोडून? आर्ध्या किलोत?" तिला तो आकडा मनगटातून कळला. १८७७ च्या सुरुवातीला त्या मजुरीविरुद्ध दख्खनमधल्या माणसांनी कामं टाकून दिली, उपाशी माणसांनी संप केला. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग त्याच दुष्काळातलं काम. शिर्डीला जाताना आपण त्यावरून जातो, मीही कितीदा गेले आहे, खिडकीतून उसाचे मळे बघत.

आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार. व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरवायची होती. संस्थानिक, हत्ती, तोफा, मेजवान्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी तिथे गेले होते, आपले सार्वजनिक काका. अंगावर स्वतः कातलेल्या सुताची जाडीभरडी खादी. त्या लखलखाटात ते कसे दिसले असतील? कॉन्स्टन्सनं त्यांना पाहिलं असेल का? बहुधा नाही. आठ वर्षं पुरी व्हायची होती तिला, तिला हत्तीच दिसले असतील. पण तो मंडप आणि त्यातली ती खादी, हे चित्र मला हवंहवंसं वाटतं. कारण पुढे तेहेतीस वर्षांनी व्हाइसरॉयच्या या मुलीनंही कपडे बदलले.

ती मोठी झाली ती लाजरी, आजारी, घरकोंबडी. वडिलांवर तिचा फार जीव. ते १८९१ ला पॅरिसमध्ये वारले, मग ती आईबरोबर राहू लागली. धाकटी बहीण एमिली हिचं लग्न एडविन ल्युटेन्सशी झालं, ज्यानं पुढे नवी दिल्ली उभारली. त्यानंच सासूबाईंसाठी नेबवर्थमध्ये एक घर बांधून दिलं आणि मायलेकी त्यात राहायच्या. कॉन्स्टन्सचं हृदय लहानपणापासून अधू. मांस खात नसे. झाडलोट, पुसापुशी मनापासून आवडायची, जे काम तिच्या घरात दुसऱ्यांनी करायचं असे. एका वृद्ध नातेवाईक बाईंकडून तिला हजार पौंड मिळाले, ते तिनं लंडनमधल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींना जुनी लोकनृत्यं शिकवणाऱ्या एका मंडळाला देऊन टाकले. १९०८ मध्ये त्या मुलींबरोबर ती समुद्रकाठच्या लिटलहॅम्प्टन गावी गेली आणि तिथे तिची मताधिकारवाल्या बायकांशी गाठ पडली. त्यांचं म्हणणं तिला पटेना. मग एके दिवशी रस्त्यात एक मेंढी दिसली. कत्तलखान्याकडे नेताना सुटलेली, म्हातारी, वेडीवाकडी, घाबरून सैरावैरा धावणारी. भोवती माणसं जमून तिच्या धावण्याला हसत होती, आणि पकडल्यावर एकानं तिच्या तोंडावर फटका मारला. कॉन्स्टन्स लिहिते की बायकांचं जगातलं स्थान मला त्या मेंढीनं दाखवलं. मी मेंढरांच्या मुलखातली आहे. माणदेशात मेंढरं अंगाखांद्यावर वाढतात, पण अशी मेंढी पाहून मला आजवर काही कळलं नव्हतं.

पुढचं झपाट्यानं घडलं. फेब्रुवारी १९०९ मध्ये पहिली अटक, लंडनचा हॉलोवे तुरुंग. तिथे तिला इतर बायकांबरोबर कोठडीत न ठेवता दवाखान्यात ठेवलं, कारण हृदय आणि कारण आडनाव. तिला ती सवलत नको होती. म्हणून तिनं सुईनं आणि केसातल्या पिनेनं स्वतःच्या छातीवर, हृदयाच्या वर, 'व्होट्स फॉर विमेन' ही अक्षरं कोरायला घेतली. पहिलं अक्षर झालं आणि तिथेच थांबवलं गेलं. ऑक्टोबरात न्यूकॅसलला मोटारीवर दगड मारला, पुन्हा तुरुंग, उपोषण. तेव्हा हृदयाची ती नीट तपासणी झाली आणि अडीच-तीन दिवसांत सुटका. तिच्याबरोबरच्या, आडनाव नसलेल्या बायकांना मात्र नळीनं जबरदस्तीनं अन्न कोंबलं गेलं.

तिच्या घशाशी तेच अडकलं असणार. दाराबाहेर आपण, आत त्या.

जानेवारीत तिनं केस कापले. स्वस्तातला कोट घेतला, नाकावर चिमट्याचा चष्मा लावला. नाव घेतलं जेन वॉर्टन, व्यवसाय शिवणकाम. आईला सांगितलं नाही. (आत्यानं ही गोष्ट ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारला, "आन् तिच्या आईला ठावं हुतं का?") लिव्हरपूलच्या वॉल्टन तुरुंगाबाहेर निदर्शन करून तिनं स्वतःला पकडवून घेतलं. रस्त्यातली पोरं तिच्या टोपीला, चष्म्याला हसली. उपोषणाच्या चौथ्या दिवशी डॉक्टर आणि पहारेकरणी आल्या. हृदय तपासलं नाही. पोलादी आकड्यानं जबडा उघडा धरला आणि चार फुटांची नळी घशातून खाली. उलटी झाली, केसांत, कपड्यांत, भिंतीवर. जाताना डॉक्टरनं तिच्या गालावर चापट मारली. असं आठ वेळा. मधल्या एका खेपेला ती थरथर कापायला लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, तो क्षणभर ऐकून म्हणाला, उत्तम आहे, चालू द्या. ती हे लिहिताना कुठेही किंचाळत नाही. शेजारच्या कोठडीतून दुसऱ्या बाईला अन्न कोंबतानाचे आवाज येत, ते ऐकणं स्वतःच्या नळीहून कठीण होतं, असं लिहिते.

बाहेर कुजबुज सुरू झाली आणि २३ जानेवारीला तिला सोडलं. न्यायला एमिली गेली. म्हणजे शेवटी आडनावानंच तिला बाहेर काढलं. ही गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. जेन वॉर्टन खरोखरच जेन वॉर्टन असती तर? शिक्षेचे चौदा दिवस पुरे झाले असते आणि ती एकटीच कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत परतली असती, आणि तिच्या हृदयाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नसती. वर्तमानपत्रं पेटली ती लेडी कॉन्स्टन्ससाठी. तिलाही हे ठाऊक होतं. त्याचसाठी तर तिनं ते केलं होतं, दोन्ही नावांतलं अंतर लोकांसमोर मांडण्यासाठी, आणि ते मांडायला पुन्हा पहिलं नावच कामी आलं. १९१२ मध्ये तिला पक्षाघात झाला, उजवा हात गेला. डाव्या हातानं तिनं आपली तुरुंगाची हकिगत लिहून काढली, ती १९१४ ला छापली गेली. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून दोन नावं आहेत, कॉन्स्टन्स लिटन आणि जेन वॉर्टन. जेन तिच्यासाठी सोंग उरली नव्हती. १९२३ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी ती गेली. तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालेलं तिनं पाहिलं, सगळ्यांना मिळालं ते १९२८ मध्ये.

मी कधी कधी हिशेब मांडत बसते. बापाच्या राज्यात पोटात अन्न गेलं नाही म्हणून लाखो मेले आणि मुलीच्या पोटात अन्न जबरदस्तीनं ओतलं गेलं. वाक्य म्हणून हे जुळतं, पण मला ते मान्य नाही. दख्खनच्या माळावर जे मेले त्यांची परतफेड एका बाईच्या घशातून होत नसते, आणि तिनं ते त्यांच्यासाठी केलंही नव्हतं. तिच्या लिखाणात ते मला कुठे भेटलेही नाहीत. ज्या मुलीला एका मेंढीत सगळ्या बायका दिसल्या तिला बालपणातल्या मुलखातली ती माणसं का दिसली नसावीत, हे मला तिला विचारावंसं वाटतं. रागानं नाही. मलाही हिरव्या लुगड्यातली बाई आत्यानं सांगेपर्यंत कुठे दिसली होती?

आणि व्हिक्टर. सिमल्यात जन्मलेला हा भाऊ बहिणीसाठी सरकारशी भांडला, चौकशीची मागणी करत राहिला, बायकांच्या मतासाठी खासदारांची समिती झाली तिचा अध्यक्ष झाला. १९२२ मध्ये तोच बंगालचा गव्हर्नर होऊन आला. त्याच्याच कारकिर्दीत, १९२४ मध्ये, सुभाषबाबूंना खटल्याशिवाय पकडून पुढे मंडालेला धाडलं. फेब्रुवारी १९२६ मध्ये मंडालेच्या तुरुंगात दुर्गापूजेच्या खर्चावरून कैद्यांनी उपोषण केलं, त्यात सुभाषबाबू होते. कॉन्स्टन्सला जाऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. गव्हर्नरच्या टेबलावर ती बातमी आली असेल त्या सकाळी त्याला बहीण आठवली असेल का? मला वाटतं आठवली असेल. माणूस वाईट नव्हता तो. पण आठवण येणं आणि हात थांबणं यांत किती अंतर असतं, हे मी त्या खिडकीशी उभी राहून आल्यापासून थोडंफार ओळखते.

आत्याला महिन्याभरानं टूडी इकोसाठी पुन्हा बोलावलं होतं. मी रजा काढली आणि सकाळी सातलाच तिच्याबरोबर गेले. ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवलं. आमचा नंबर सदतीस. हिरव्या लुगड्यातली बाई दिसेल म्हणून मी रांगेत पुढून मागे दोनदा पाहिलं, ती नव्हती. साडेनऊपर्यंत उभं राहून पोटऱ्या दुखायला लागल्या. "ए बाई, रांगेत नीट उभी राहा," असं कुणीतरी मागून म्हणालं, ते मलाच होतं हे कळायला क्षण गेला, आणि हात पर्सच्या चेनवर गेला. आत्याकडे पाहिलं. ती खाली बसून धापा टाकत होती, ओठ जरा निळसर. तिला लवकर आत नेता आलं असतं. माझ्या हातात होतं. हात तीनदा चेनवर गेला आणि तीनदा मागे आला, आणि त्यातलं बरोबर कुठलं ते मला अजून सांगता येत नाही. तिचं हृदय माझ्या परीक्षेसाठी नव्हतं.

पावणेअकराला एकविसावा नंबर पुकारला. आत्यानं पिशवीतलं गाठोडं सोडलं, भाकरी मोडली, चतकोर माझ्या हातावर ठेवला, चतकोर शेजारच्या बाईला दिला. मग पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवत म्हणाली, "नाव काय म्हनायचं, बाय, तुजं?"